ताटाखालची सावली

माझ्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाला सध्या पांढरी किनार आली आहे. लुगड्याच्या काठासारखी सलग, जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. घरी येणारा माणूस हमखास विचारतो, "इथून मरतंय का?" मरत नाही, वाढतंय. प्रवाळ कडेला नवा सांगाडा आधी घालतो आणि त्याच्या पेशींत राहणारं तपकिरी शैवाल मागाहून तिथे पोचतं. तोवर कड कोरी दिसते. भिंग धरलं की त्या पांढऱ्या पट्टीवरही पातळ ओलसर कातडी आणि सुईच्या टोकाएवढ्या वाट्या दिसतात. खरोखर मेलेला भाग म्हणजे उघडं हाड, आणि दोनचार दिवसांत त्यावर हिरवट केस. या दोन पांढऱ्यांतला फरक कळायला मला एक वर्ष लागलं.

सहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात मी हा तुकडा लावला तेव्हा तो अंगठ्याच्या पेराएवढा होता. आज त्याचं ३८ सेंटीमीटर रुंदीचं ताट झालं आहे. या काळात वाचलेलं, पाहिलेलं आणि चुकलेलं एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. समुद्रात दोन-तीन मीटर पसरणारं प्रवाळाचं ताट घरातल्या काचेच्या पेटीत वाढवता येतं का, आणि वाढवायचं ठरवलं तर काय द्यावं लागतं? वाढवता येतं, हे आता मी खात्रीने सांगतो. पण मी पाहिलेल्या बहुतेक टाक्यांमध्ये फसलं ते जागेच्या हिशेबापाशी. लोक तुकडा विकत घेतात आणि तुकड्यापुरतीच जागा ठेवतात.

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा, कारण दुकानात 'प्लेट' या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळे जीव मांडलेले असतात. (अंगठीतलं लाल पोवळं यांतलं एकही नव्हे, ते भूमध्य समुद्रातलं, नात्याने बरंच दूरचं.)

पहिला जीव म्हणजे फंजिया आणि तिचं गोत. यांतले बरेचसे एकाच मोठ्या पॉलिपचे असतात, म्हणजे अख्खी ताटली हा एकच प्राणी आणि मधली फट हे त्याचं तोंड. लहानपणी तो देठाने दगडाला चिकटलेला असतो, मग देठ तुटतो आणि उरलेलं आयुष्य तो वाळूवर मोकळा काढतो. पाणी भरून अंग फुगवतो, वर पडलेली वाळू झटकतो, हळूहळू सरकतोही. म्हणून त्याची जागा वाळूतच. दगडावर ठेवला तर फुगलेलं अंग खरखरीत कडांवर घासून फाटतं. खाण्याच्या बाबतीत तो धीट आहे: २००९ साली लाल समुद्रात, इस्रायलच्या ऐलातजवळ, फंजियाच्या गोतातले प्रवाळ चक्क जेलीफिश गिळताना संशोधकांनी नोंदवले. घरी आठवड्यातून एकदा कोळंबीचा बारीक तुकडा पुरतो. आणि फंजिया मेली असं वाटलं तरी सांगाडा फेकू नये. काही महिन्यांनी त्याच हाडावर बटणाएवढी पिल्लं फुटतात. माझ्याकडे अशी चार फुटली. तोवर तो सांगाडा टाकीच्या कोपऱ्यात नुसता पडून होता.

दुसरा गट पानासारखा पसरणाऱ्यांचा. मोंटिपोरा कॅप्रिकॉर्निस आणि मोंटिपोरा फोलिओसा यांची पानं कोबीच्या गड्ड्यासारखी एकाभोवती एक गुंडाळत जातात. टर्बिनेरिया जाड आणि चिवट. एकिनोपोरा, पॅकिसेरिस, लेप्टोसेरिस हे कमी उजेडाचे. नवशिक्याने सुरुवात करावी ती मोंटिपोराने. तो पटकन वाढतो, हाताने मोडता येतो आणि मोडलेली कड आठवडाभरात सांधते. मात्र त्याच्या वाटीत गाळ साचतो, आणि गाळाखालची कातडी गुदमरून जाते. मी स्वयंपाकघरातली रबरी पिचकारी दर रविवारी त्या वाट्यांत मारतो. सहा वर्षांत चुकवू नये असं एखादंच काम सांगायचं तर हे.

तिसरा गट खऱ्या मेजांचा, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा हायासिंथस, अ‍ॅक्रोपोरा सायथेरिया, अ‍ॅक्रोपोरा क्लाथ्राटा यांचा. एका देठावर आडव्या फांद्या चहूकडे निघतात, एकमेकींत गुंततात आणि त्या जाळीवर बोटभर उंचीचे असंख्य कोंब उभे राहतात. यांतल्या पहिल्या दोघांना १८४६ साली जेम्स ड्वाइट डेना यांनी नावं दिली. १८३८ ते १८४२ या काळातल्या अमेरिकेच्या सागरी मोहिमेबरोबर पॅसिफिक पालथा घालून आलेला हा भूशास्त्रज्ञ. आता जनुकीय तपासणीतून दिसतं की हायासिंथस या एका नावाखाली दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. म्हणून दुकानातल्या चिठ्ठीवर मी विसंबत नाही. शक्य असेल तर ज्या मूळ वसाहतीवरून तुकडा कापला ती दाखवायला सांगतो. ती आडवी पसरली असेल तर तिचा तुकडाही पसरेल, अशी आशा धरायला जागा असते.

प्रवाळाला ताट व्हावंसं का वाटतं, हे कळलं की पाळणाऱ्याचं निम्मं काम होतं. उजेड वरून येतो. कमीत कमी चुना खर्चून जास्तीत जास्त उजेड पकडायचा तर एका खांबावर छप्पर घालणं हा स्वस्त उपाय. शिवाय खालच्यांचा उजेड आपोआप तुटतो. प्रवाळ-अभ्यासक अँड्र्यू बेअर्ड आणि टेरी ह्यूज यांनी ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ हेच मोजलं आणि २००० साली मांडलं: मेजाखाली उजेड आणि प्रवाह दोन्ही कमी, आणि म्हणून तिथे इतर प्रवाळही कमी. छपराची किंमतही आहे. जोशुआ मॅडिन आणि शॉन कॉनोली यांनी २००६ साली दाखवलं की वादळी लाटेत कुठली वसाहत उखडेल हे तिच्या आकारावरून, म्हणजे छप्पर किती रुंद आणि देठ किती जाड यावरून, आधीच सांगता येतं. रुंद छप्पर, बारीक देठ असेल तर ती आधी जाते.

आणि आकार जन्मतः पक्का ठरलेला नसतो. टर्बिनेरिया मेसेंटेरिना उथळ पाण्यात उभ्या घड्या घालते आणि खोल, अंधुक पाण्यात सपाट पसरते. संशोधक बेट विलिस यांनी ग्रेट बॅरियर रीफवर तिच्या वसाहती एका खोलीवरून दुसरीकडे नेऊन हे तपासलं, आणि नव्या जागी वाढ नव्या तऱ्हेची झाली. ही गोष्ट मी माझ्या टाकीत अजाणता पुन्हा केली. एकाच वसाहतीचे दोन तुकडे. दिव्याखाली ठेवलेला दोन वर्षांत कागदाच्या चुरगळ्यासारखा झाला, तळाशी ठेवलेला ताटलीसारखा सपाट. सपाट हवी असेल तर टर्बिनेरियाला खाली ठेवा. तीव्र दिव्याखाली ठेवून ती पसरत नाही म्हणून दोष देणारे लोक मला नेहमी भेटतात.

हे सगळं घरात शक्य झालं त्याचा इतिहास फार जुना नाही. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या टाक्यांविषयी लिहिलं. पेटर विल्केन्स यांनी युरोपात प्रवाळांसाठी चुन्याची निवळी रूढ केली. आपल्याकडे पानाला लावतात तोच चुना, पाण्यात विरघळवून वरचं नितळ पाणी घ्यायचं. १९८०च्या दशकात बर्लिनच्या डिट्रिश श्ट्यूबर यांनी वाढवलेल्या एका अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हातोहात युरोप-अमेरिकेत पसरले. होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयात ब्रूस कार्लसन आणि त्यांचे सहकारी उघड्यावर, सूर्यप्रकाशात प्रवाळ वाढवत होते. या माणसांनी एकमेकांना तुकडे दिले, आकडे दिले. आज दुकानातून बाटली आणणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे उपकार आहेत.

आता रसायन. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. माझ्या टाकीत सुमारे ४०० लिटर पाणी आहे आणि अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा पाण्यातला साठा, रोज दीड अंशाने (जर्मन अंश, dKH) उतरते. हिशेब केला तर ते दर दिवशी साधारण १० ग्रॅम चुनखडी होते. चोवीस तासांत दहा ग्रॅम दगड घडतो आणि तो पाण्यातूनच ओढला जातो. याच वेळी कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ११ मिलिग्रॅमने उतरतं. एकूण ४२० मधले ११ म्हणजे काहीच नाही, पण ८ अंशांतला दीड म्हणजे पुष्कळ. म्हणून अल्कलिनिटी रोज मोजायची, कॅल्शियम आठवड्याला आणि मॅग्नेशियम महिन्याला पाहिलं तरी चालतं. आकडा ७ असो की ९, प्रवाळाला फारसं वावगं नाही. तो स्थिर हवा. ताट वाढलं की गणित बदलतं हेही लक्षात ठेवायला हवं. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि चुन्याची भूकही त्याच अंगाने वाढते. तिसऱ्या वर्षी बसवलेला डोस पाचव्या वर्षी कमी पडतो.

स्थिर शब्दाचा अर्थ मला एका रात्रीत कळला. डोस घालणारा पंप चालू स्थितीत अडकला आणि सकाळी अल्कलिनिटी ८ वरून साडेअकरावर गेलेली. माझं पाणी तेव्हा फार स्वच्छ होतं, नायट्रेट जवळजवळ शून्य, आणि अशा उपाशी पाण्यात वाढलेली अल्कलिनिटी अ‍ॅक्रोपोराला जास्तच सोसवत नाही. तिसऱ्या दिवशी कोंबांची टोकं पांढरी झाली, आणि हे पांढरं वाढीचं नव्हतं. घाईने पाणी बदलून आकडा खाली ओढायचा मोह मी आवरला. पंप बंद ठेवला आणि प्रवाळांनाच तो पाच दिवसांत खाली आणू दिला. ताटाचा एक चतुर्थांश भाग गेला. आता पंपाच्या डब्यात दोन दिवसांपुरतंच द्रावण भरतो. पंप पुन्हा अडकला तरी त्याच्याकडे ओतायला फार काही नसेल.

उजेडासाठी पार मीटर (शैवालाला वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र) भाड्याने आणून मोजणं हाच खरा मार्ग. डोळ्याला निळा दिवा फसवतो. माझ्याकडे मेजावर ३०० च्या आसपास, मोंटिपोरावर १५०, लेप्टोसेरिसवर ६० आहे. उष्णतेबद्दल एवढंच की २५ ते २६ अंश राखावेत. अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटाच्या डबक्यांत ओहोटीला पाणी ३४ अंशांपलीकडे तापतं आणि तिथलं हायासिंथस ते सोसतं. स्टीव्ह पालुंबी आणि सहकाऱ्यांनी थंड डबक्यातले प्रवाळ तिथे लावले तेव्हा त्यांनीही काही महिन्यांत बरीच सहनशक्ती कमावल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. हे वाचून कुणी उन्हाळ्यात चिलरशिवाय राहू नये. त्या प्रवाळांना ताप रोज थोडा वेळ भेटत होता आणि भरती आली की निवत होता. घरातली टाकी तापली की रात्रभर तापलेलीच राहते.

प्रवाह जोरदार हवा, पण एकाच दिशेने सतत नको. माझे दोन पंप दोन टोकांना आहेत आणि आळीपाळीने चालतात. ताटाच्या वरूनही पाणी जायला हवं आणि खालूनही. खालची बाजू लोक विसरतात. तिथे उजेड नाही, म्हणून देठाजवळची कातडी पातळ होते, कधी सुकून मागे हटते, आणि उघड्या पडलेल्या त्या हाडावर अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा अंडी घालतो. किड्याचा रंग प्रवाळासारखाच असल्याने तो दिसत नाही. कातडीवरचे फिकट गोल चावे दिसतात. औषधी पाण्यात बुडवलं की किडे गळतात, अंडी गळत नाहीत. म्हणून नवा तुकडा निदान सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, दर आठवड्याला बुडवायचा, आणि आरसा धरून त्याची पाठ तपासायची. मोंटिपोराला छळणारी पांढरी समुद्री गोगलगायही ताटाच्या खालीच अंडी घालते. तिच्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट २०२० साली, आणि तेही मत्स्यालयांतल्या नमुन्यांवरून.

जागेकडे परत येतो. तुकडा चिकटवला की पहिले काही महिने तो वर येतच नाही, दगडावर मेणासारखा पसरत राहतो. लोक कंटाळतात आणि शेजारी दुसरं काही लावतात. पण हा काळ पाया घालण्याचा असतो. पाया कच्चा असला की काय होतं हे समुद्रातही दिसतं. लक्षद्वीपमध्ये २०१० सालच्या विरंजनानंतर (तापलेल्या पाण्यात प्रवाळ आपलं शैवाल गमावून पांढरे पडतात ते) श्रेया यादव, रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांना दिसलं की प्रवाळाची नवी पिल्लं मेलेल्या मेजांवर मोठ्या संख्येने बसत होती. मेलेलं मेज झिजून कोसळलं की त्यावरची पिल्लंही जात होती. घरात हाच अनुभव लहान प्रमाणात येतो: डुगडुगत्या दगडावर किंवा दुकानातून आलेल्या छोट्या बुडख्यावरच वाढू दिलेलं ताट एक दिवस स्वतःच्या वजनाने कलंडतं. भक्कम, रुंद खडक हवा, आणि वसाहतीच्या चहूबाजूंना ३० सेंटीमीटर मोकळी जागा. काच घासायचा हात जाईल एवढं अंतर वेगळं. म्हणजे टाकी घेताना लिटर मोजण्यापेक्षा पुढून मागेपर्यंतची रुंदी मोजावी. ६० सेंटीमीटरखाली मेजाचा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उंच टाकी दिसायला छान, पण इथे निरुपयोगी.

मग सावली पडते. तिसऱ्या वर्षापासून माझ्या मेजाखालचे दोन प्रवाळ फिके पडत गेले आणि मी दिव्याला दोष देत राहिलो. शेवटी मीटर खाली धरला तेव्हा आकडा २० आला. तिथून ते हलवले आणि त्यांच्या जागी लेप्टोसेरिस लावली. हवाईच्या समुद्रात ती शंभर मीटरपलीकडच्या अंधारातही वाढते, तिला मेजाखालचा उजेड मानवला. लांबून पाहिलं तर आता माझ्या टाकीला मजले आहेत. माशांनाही ते कळलं आहे. जेम्स केरी आणि डेव्हिड बेलवूड यांनी ग्रेट बॅरियर रीफवर पाहिलं होतं की मोठे मासे आडोशासाठी मेजांनाच पसंती देतात, आणि त्यामागे शिकाऱ्यापेक्षा उन्हापासून सुटका हे कारण जास्त संभवतं. माझे दोन बांगाई कार्डिनल दुपारी दिवे पूर्ण पेटले की बरोबर मेजाखाली येऊन उभे राहतात, आणि संध्याकाळी निळा उजेड उरला की बाहेर पडतात.

ताट किती मोठं होऊ द्यायचं याचा अंदाज घ्यायला मी लाँग आयलंडवरच्या रिव्हरहेडला जातो. तिथल्या मत्स्यालयात जो यायुलो यांनी उभी केलेली सुमारे ७५,००० लिटरची प्रवाळ टाकी आहे, २००० सालापासून चालू असलेली. तिच्यासमोर तासभर उभं राहिलं की घरातल्या वसाहतींना आपण किती लवकर कात्री लावतो ते जाणवतं. आणि लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी बंद टाकीत ऋतूंप्रमाणे बदलतं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राचा उजेड हुबेहूब चालवून अ‍ॅक्रोपोराच्या चार जातींना अंडी सोडायला लावलं. २०१७ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्या चार जातींत आपलं हायासिंथसही आहे. ज्या पेटीत प्रवाळ जगतो की नाही याचीच चाळीस वर्षांपूर्वी शंका होती, तिथे तो आता वंश वाढवतो आहे, हे मला आजही थरारून टाकतं.

भारतातल्या वाचकांशी मात्र सरळ बोलायला हवं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आहेत, वाघाच्याच पंगतीत. ते गोळा करणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. 'परदेशातून आलाय' असं सांगून कुणी तुकडा देऊ केला तरी घेऊ नका. मला हा कायदा योग्यच वाटतो. १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या विरंजनांतून लक्षद्वीपचे प्रवाळ गेले आहेत, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं महाविरंजन जाहीर झालं. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत प्रवाळखडक बांधणाऱ्या ८९२ जातींपैकी ४४ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. ज्यांना पानासारखा प्रवाळ बघायचा आहे त्यांनी मालवणला जावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. मालवणच्या किंवा गोव्याजवळच्या ग्रांदे बेटाच्या गढूळ पाण्यात टर्बिनेरिया जगते, गाळ सोसून. पाण्यात उतरलात तर पाय टेकू नका, एवढंच.

इथे अमेरिकेतही मी समुद्रातून काढलेली वसाहत घेत नाही. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले तुकडे सहज मिळतात, ते अधिक काटकही असतात आणि पाळणाऱ्याकडून पाळणाऱ्याकडे जाताना बरोबर माहितीही जाते.

माझं ताट पुढच्या काचेपासून आता आठ सेंटीमीटरवर आलं आहे. या महिन्यात पुढची तळहाताएवढी कड मी कापणार आहे. हाडं कापायची कात्री, जेलचा गोंद आणि पाण्याची बादली काढून ठेवली आहे. तुकडा न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या एका मित्राकडे जाणार आहे. त्याची टाकी गेल्या शनिवारी पाहून आलो. पुढून मागे ७५ सेंटीमीटर, मधोमध एकच रुंद खडक, आणि त्याच्या डोक्यावर काहीही लावलेलं नाही. "हात फिरवून बघ," तो म्हणाला. मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि खडकावरून गोल फिरवला. कुठेच काही लागलं नाही.